कोपरापर्यंत ओघळणारा फेस

वाचकांचे प्रश्न, फोंड्याच्या म्हाल्याची (न्हाव्याची) उत्तरं

मागच्या अंकात मी एक ब्लेड किती दाढ्यांना पुरवावं ते लिहिलं. पत्रं मात्र सगळी ब्रशावर आली. काहींनी मला खडसावलंही आहे की, 'चौतीस वर्षं वरच्या बाजारात दुकान चालवलं आणि ब्रशाबद्दल एक ओळ नाही?' बरोबर आहे. दुकानात ब्रश म्हणजे नायलॉनचा, मोडला की दुसरा, एवढाच त्याचा विचार. पण गेल्या वर्षी माझ्या हातात एक अवजड पाहुणा आला आणि विचार करावा लागला. म्हापशाच्या गृहस्थांचं पत्र त्याच पाहुण्याच्या भावंडाबद्दल आहे, म्हणून त्यांना आधी घेतो.

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडातल्या स्विंडनला असतो. चतुर्थीला आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी दाढीचा ब्रश आणला. बॅजर नावाच्या प्राण्याचे केस, हस्तिदंती रंगाची मूठ, खोक्यावर '३० मिमी' लिहिलेलं. घरी येणाऱ्याला तो भिंतीला चुना लावायचा ब्रश वाटतो. तीन आठवडे प्रामाणिकपणे वापरला. फेस होतो, पण ताकासारखा. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, बनियन भिजतं. शिवाय ओला झाला की भिजलेल्या कुत्र्यासारखा वास. बायको म्हणते, खिडकीत मेलेला उंदीर वाळत घातल्यासारखं दिसतं. चाळीस वर्षं साध्या ब्रशावर काढली, काही अडलं नाही. पुतण्याचं मन न दुखवता याचं काय करू?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

उत्तर : बँकेतल्या माणसासारखं सगळं तपशीलवार लिहिलंत, फक्त एक आकडा राहिला. साबण किती घेता? न सांगताही मला कळलं. जुन्या ब्रशाला घेत होता तेवढाच.

हिशेब तुमच्याच हातचा आहे. जुना ब्रश बुडाशी साधारण २० मिलिमीटर जाड असणार, बाजारातले बहुतेक तेवढेच असतात. हा ३०. म्हणजे जाडी दीडपट, पण केसांचा गठ्ठा सव्वादोन पट, कारण दीडाचा वर्ग सव्वादोन. तो पाणी पितो तेही त्याच मापानं, आणि बॅजरचा केस मुळातच नायलॉनपेक्षा जास्त पाणी धरतो. पाणी सव्वादोन पटीच्या वर गेलं, साबण तोच राहिला, मग कोपरापर्यंत ओघळणार नाही तर काय होईल?

तुम्हाला हसतोय असं समजू नका. गेल्या आषाढात माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे भेट म्हणून असे दोन ब्रश आले, त्यांनी एक मला दिला. म्हणाले, 'तू म्हालो, तूच सांग हे काय प्रकरण आहे.' २८ मिलिमीटरचा, केस लांब, मूठ पेरूएवढी. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा तांब्यात बुडवला, एक झटका दिला आणि साबणावर फिरवायला घेतला. पाचव्या मिनिटाला माझी लुंगी भिजली होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या केलेल्या माणसाला आरशात बघायची लाज वाटली. नातू दारात उभा राहून बघत होता, ते वेगळंच.

मग मोजमाप केलं. खोकल्याच्या औषधाचं टोपण असतं ना, ते घेतलं. नायलॉनचा ब्रश बुडवून, एकदा झटकून त्यात पिळला. टोपण भरलं नाही. मोठा तसाच पिळला. दोन टोपणं भरून वर सांडलं. त्या दिवसापासून मी मोठ्या ब्रशाला झटकत नाही, पिळतो. झटकल्यानं टोकांचं पाणी जातं. खरा साठा मुळाशी असतो, आणि दाढी करताना नेमका तोच हळूहळू खाली उतरतो.

तर असं करून बघा. ब्रश कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट भिजवा. बॅजरला जास्त वेळ लागत नाही. उकळतं पाणी नको, केस ठिसूळ होतात आणि मुठीतला गोंद सुटतो. आपल्या हाताला सोसेल तेवढंच त्याला. मग केस मुठीत धरून हलकेच पूर्ण पिळा. पिळा म्हणजे दाबा, धुण्यासारखा पीळ घालू नका. आता तो नुसता ओलसर राहिला. क्रीम असेल तर पूर्वी बदामाएवढी घेत होता ती आता दोन मोठ्या बदामांएवढी घ्या. साबणाची वडी असेल तर ब्रश तिच्यावर पाऊण-एक मिनिट फिरवा. तुमच्या ब्रशाचे केस लांब असले तर ते साबणावर आडवे पडून लोळतील. तेव्हा अंगठा आणि दोन बोटांनी केसांना अर्ध्यावर धरा आणि टोकं तेवढी साबणाला लावा. लांब केसांचा मऊपणा गालाला हवा असतो, साबणाला नाही.

पुढची जागा महत्त्वाची. इतका मोठा ब्रश थेट गालावर घुसळू नका. वाटीत फेस करा. माझ्याकडे चिनी मातीचं भांडं आलं होतं, मी ते परत कपाटात ठेवलं आणि नारळाची मोठी करवंटी घेतली. आतून थोडी खरवडलेली, खरबरीत. फेस तिच्यात चांगला फुलतो, हातातून निसटत नाही आणि फुटली तरी गोव्यात करवंट्यांना तोटा नाही. ब्रश फिरवायला लागा. पहिल्यांदा फेस कोरडा, चक्क्यासारखा चिकट होईल. घाबरू नका, तसाच व्हायला हवा. आता बोटं पाण्यात बुडवून चार-पाच थेंब टाका, पुन्हा फिरवा, पुन्हा थेंब. तीन-चार वेळा असं केलं की चक्क्याचं श्रीखंड होतं: चमक येते, बुडबुडे दिसत नाहीत, ब्रश उचलला की टोक उभं राहतं आणि वाकतं. तिथे थांबा. बुडबुडे मोठे दिसले तर पाणी जास्त झालं, आणखी साबण घ्या. साबण कमी पडला की माणूस पाणी घालतो आणि पाणी जास्त झालं की ब्रशाला शिव्या देतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

चेहऱ्यावर लावताना भिंत रंगवल्यासारखं इकडून तिकडे न्या. मधोमध दाबून गरगर फिरवलं तर काही महिन्यांनी मधले केस तुटतात आणि ब्रशाला टक्कल पडतं, कडेनं केस आणि मध्ये खड्डा. मी असा एक पाहिला आहे, हुबेहूब आमच्या एका जुन्या मास्तरांचं डोकं.

वासाचं सोपं आहे. नवा बॅजर ओला झाला की जनावराचा वास येतोच. भांड्याच्या साबणानं किंवा केसांच्या शाम्पूनं दोनदा धुवा, मग घट्ट फेस करून तो तसाच ब्रशात तासभर राहू द्या, धुऊन टाका. चार-पाच दाढ्यांत वास जातो. नाही गेला तर मला कळवा, माझा तरी आठवड्यात गेला.

आता तुमच्या मनातला प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. यानं दाढी जास्त गुळगुळीत होते का? नाही. गुळगुळीतपणा पात्याचा, हाताचा आणि केसांत दोन-तीन मिनिटं मुरलेल्या पाण्याचा. ते पाणी तुमचा पन्नास रुपयांचा ब्रशही मुरवतो. दुकानात मी सुलट एकदा आणि उलट एकदा हात फिरवून दाढी घोटत होतो, गाल बाळाच्या पाठीसारखा होत होता आणि ब्रश नायलॉनचाच होता. मोठ्या बॅजरनं मिळतं ते वेगळं: एकदा केलेला फेस तीन हातांना पुरतो, तिसऱ्या हातापर्यंत कोमट राहतो, आणि साठीनंतर पातळ झालेल्या कातडीला टोचत नाही. मला पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक वाटलं नाही. तिसरीचं वाटलं.

तेव्हा देऊ नका कोणाला. सोमवार ते शनिवार नायलॉन, रविवारी पुतण्याचा ब्रश. आणि तो खिडकीत नको, का ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या बॅजर ब्रशाच्या मुळाशी काळे ठिपके आले आणि कुबट वास येतो. स्टँडवर उलटा टांगून ठेवतो, तरीही. काही उपाय?
— पेडणे

उत्तर : उलटं टांगण्याचं फार स्तोम आहे. स्टँड विकणारे सांगतात, पाणी खाली निथळतं. दाट गठ्ठ्यात पाणी केसाकेसांमध्ये धरलेलं असतं, ते नुसतं टांगून निथळत नाही. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की दोरीवरचा पंचा दोन दिवस सुकत नाही, तिथे हा बोटभर जाड केसांचा गठ्ठा कसा सुकेल?

माझी फजिती ऐका. त्याच आषाढात आम्ही चार दिवस पंढरपूरला गेलो. निघायच्या सकाळी दाढी केली आणि उंदीर कुरतडतील म्हणून ब्रश स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. परत येऊन उघडला तर नाकाला रुमाल लावावा लागला. मुळाशी पांढरी बुरशी, लोकरीसारखी. देणारे गिऱ्हाईक दर रविवारी 'कसा आहे ब्रश?' विचारत होते आणि मी 'मऊ आहे हो, मऊ आहे' म्हणत होतो. खोटं नव्हतं ते.

साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. मुळाशी राहिलेला साबण ओल धरून ठेवतो. पिळा, मग कोरड्या पंच्यावर केसांची टोकं सात-आठ वेळा इकडेतिकडे घासा. त्यानंतर न्हाणीघरात ठेवू नका. बसायच्या खोलीत पंख्याखाली, कपाटावर, उभा ठेवलात तरी चालेल. वारा लागला पाहिजे. पावसापुरता रोज एकच ब्रश वापरू नका, दोन आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकाला दोन दिवस मिळतात. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरच्या गरम झोतात सुकवू नका. उन्हाची खिडकी असली तरी पावसात तिथून शिंतोडे येतात, म्हणून म्हापशाच्या गृहस्थांना खिडकी नको म्हटलं.

तुमच्या ठिपक्यांचं: शाम्पूनं दोनदा धुऊन चार दिवस पूर्ण सुकू द्या. वास गेला तर वापरा. ठिपके मुठीच्या आत, मुळात उतरले असले आणि वास परत येत असला तर टाकून द्या. रोज कातडीवर चिरा पाडणारं काम आहे, तिथे काटकसर नको. माझा वाचला, पण आता तो फक्त दिवाळी ते शिमगा वापरतो.

प्रश्न : बाबांच्या साठीला मला मोठा बॅजर ब्रश द्यायचा आहे. मैत्रीण म्हणते, त्यासाठी प्राणी मारतात. खरं का? आणि डब्यांवर 'प्युअर', 'बेस्ट', 'सिल्व्हरटिप' असतं, त्यात काय फरक?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मैत्रीण खरं सांगते. बॅजर हा बिळं खणून राहणारा, तोंडावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्राणी. मेंढीसारखे त्याचे केस भादरून घेत नाहीत, कातड्यासकट काढतात. ब्रशांसाठीचे बहुतेक केस चीनमधून येतात. ज्या ब्रिटनमध्ये या ब्रशांचं सगळ्यात जास्त कौतुक, तिथे त्यांच्या स्वतःच्या बॅजरला १९७३ पासून खास कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश मिळत होते, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बेकायदा आहेत, तरी लपूनछपून विकले जातात. मी बॅजर वापरतो, तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण विकत घेतला असता का, असं विचाराल तर नसता घेतला.

नावांचं म्हणाल तर त्यांना कुठलंही ठरलेलं माप नाही, ज्याचा तो ठरवतो. ढोबळ मानानं 'प्युअर' म्हणजे काळपट, जरा राठ आणि स्वस्त. 'सिल्व्हरटिप' म्हणजे टोकाशी पांढरा, मऊ आणि महाग. एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'सुपर'पेक्षा चांगला निघू शकतो.

बाबांना सिंथेटिक द्या. पूर्वीच्या काटेरी नायलॉनसारखा नाही, आता तंतूंची टोकं निमुळती करतात, गालाला लोण्यासारखी लागतात. पाणी कमी धरतो म्हणून ओघळत नाही, रात्रीपर्यंत सुकतो, वास नाही. मडगावच्या पावसाला हाच शहाणा. फक्त ३० चा हट्ट नको. २४ मिलिमीटरचा घ्या. बाबांच्या नाकाखाली मिशी असेल, तर ३० चा ब्रश तिलाही साबण लावून ठेवतो.

प्रश्न : आमची विहीर समुद्रापासून जवळ. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं आणि फेस उभाच राहत नाही. ब्रशाचा दोष की साबणाचा?
— कळंगूट

उत्तर : दोघांचाही नाही, विहिरीचा. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतं. ते साबणाशी जुळलं की न विरघळणारा चिकट मळ होतो, जो बादलीच्या कडेला राखाडी दिसतो. तुमचा अर्धा साबण फेस व्हायच्या आधी असा खर्च होतो. दोन वाट्या घ्या, एकीत विहिरीचं पाणी आणि दुसरीत क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं, दोन्हीत सारखाच साबण घुसळा. उत्तर तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. दाढीला लागतं किती पाणी? एक पेला. तेवढं फिल्टरचं घ्या, तोंड विहिरीच्या पाण्यानं धुवा. मी फोंड्यात ओपाच्या गोड्या नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस, आम्हाला ही अडचण कधी कळलीच नाही. कळंगुटला सोयऱ्यांकडे एका मे महिन्यात राहिलो तेव्हा कळली.

तुमच्या ब्रशाच्या मुळाशी पांढरट कडक थर बसला असेल. पेलाभर पाण्यात एक-दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून पाच-दहा मिनिटं बुडवा आणि नीट धुवा. माडाच्या सुरेचं घरचं विनागर नको, ते सोरपोतेलाला (डुकराच्या मटणाला) ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातला दाढीचा ब्रश सापडला. मूठ सुंदर आहे, केस जाड, पिवळट. वापरू का?
— कुंकळ्ळी

उत्तर : केस जाड, राठ आणि टोकाला फुटलेले असतील तर ते डुकराचे. माझ्या बापाच्या धोकटीत तसलाच होता. डुकराचा केस चांगला असतो हो, भिजवायला वेळ लागतो आणि महिनाभर वापरल्यावर टोकं फुटून मऊ होतो. पोर्तुगालमध्ये आजही तसले ब्रश बनतात. पण इतकी वर्षं डांबराच्या गोळ्यांबरोबर पेटीत पडलेले केस ठिसूळ झालेले असणार, आणि कोणी कशाला वापरले होते कोण जाणे.

जुन्या ब्रशांची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांची आवक तुटली, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रश बनवले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना कातडी चिरली जाते, तिथून अँथ्रॅक्स (जनावरांकडून माणसाला होणारा जीवघेणा रोग) शिरला आणि ब्रिटिश, अमेरिकन सैनिक आजारी पडले, काही दगावले. १९२० साली ब्रिटननं जपानहून येणारे दाढीचे ब्रश बंद केले ते याच कारणानं. आजच्या ब्रशांना ही भीती नाही, केस निर्जंतुक करूनच येतात. पण पेटीतल्या केसांची हमी कोण देणार?

मूठ ठेवा. जुने केस गोंदासकट कोरून काढून त्याच मुठीत नवा गुच्छ बसवता येतो, तयार गुच्छ सुटे विकत मिळतात. मुठीतल्या भोकाची रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्या मापाचा मागवा. आजोबांची मूठ, तुमचे केस. म्हणजे ब्रशाचे.

प्रश्न : नव्या ब्रशाचे केस रोज फेसात सापडतात. फसलो का?
— डिचोली

उत्तर : पहिल्या आठवड्यात चार-पाच गळले तर गळू द्या, कापताना सुटे राहिलेले असतात. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर गोंद कच्चा, पावती शोधा. गुच्छच्या गुच्छ एकदम सुटला तर आत पाणी मुरलंय.

प्रश्न : दाढीनंतर तुरटीऐवजी फेणी लावली तर चालेल का? घरी चांगली काजूची आहे.
— वाळपई

उत्तर : झोंबेल, वास दुपारपर्यंत राहील आणि तुमचा साहेब वेगळाच अर्थ काढील. तुरटीचा खडा ओला करून फिरवा, दोन मिनिटांनी धुवा. फेणीचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे, चांगली असेल तर मलाही सांगा.